उजवीकडून परत येणारा आवाज

निंबा झुलाल बोरसेने पहिल्याच भेटीत माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं ते मला परत दिलं नाही.

मी न्हाव्याकडे गेलो नव्हतो. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत रक्तदान शिबिर होतं, त्याची दवंडी रेकॉर्ड करायला गेलो होतो. मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे कॉलनीचा असा समज आहे की वर्गात चाळीस मिनिटं ओरडणाऱ्या माणसाला भोंग्यातून चाळीस सेकंद ओरडणं काय जड जाणार. मजकूर दोन वाक्यांचा. तो रिक्षावरच्या भोंग्यातून दिवसभर वाजायचा होता. दहा मिनिटांचं काम म्हणून मी स्कूटरची किल्लीही न काढता वर गेलो. खाली आलो तेव्हा स्कूटरच्या सीटवर मांजर व्यायली होती, असं मी गेली पाच वर्षं सगळ्यांना सांगत आलो आहे. खरं तर मांजर नुसती झोपली होती. पण व्यायला पुरेल इतका वेळ मी तिला दिला होता.

खोली गच्चीवरची. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, दाराला आतून गोधडी. दोन स्टुलांवर दोन स्पीकर. फरशीवर पांढऱ्या रंगाने काढलेला मोठा त्रिकोण. त्याच्या दोन टोकांना ते स्पीकर आणि तिसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीचे चारही पाय सिमेंटने फरशीला पक्के केलेले. ते पाहून मला आधी वाटलं, इथून गिऱ्हाइकं खुर्चीसकट पळून जात असावीत.

रेकॉर्डिंग तीन मिनिटांत झालं. मी उठलो, तर निंबाने मला त्या खुर्चीत बसवलं. गळ्यात शिंप्यासारखा टेप होता, तो काढून माझ्या डाव्या कानापासून डाव्या स्पीकरपर्यंत मापलं, मग उजव्या कानापासून उजव्या स्पीकरपर्यंत. आणि जणू माझे कान मी निष्काळजीपणे भलत्याच जागी लावून घेतले आहेत, अशा चेहऱ्याने तो माझ्याकडे बघत राहिला.

"सर, तुम्ही अर्धा इंच डावीकडे आहात."

"मी बसवलं तिथेच आहे."

"तुम्ही आहात हो. डोकं गेलं."

मग मागे उभं राहून त्याने ते गेलेलं डोकं पकडून आणलं, त्रिकोणाच्या टोकावर ठेवलं, आणि "हलू नका" म्हणून एका हाताने बटण दाबलं.

माझा आवाज डाव्या स्पीकरमधून निघाला. खोलीतून चालत गेला. उजवीकडे कुठे तरी लांब एका मोठ्या भिंतीवर आपटला, आणि तिथून दमून परत आला. 'रक्तदान करा' असं मी एकदाच म्हटलं होतं. पण उजवीकडून माझ्याच आवाजाचा कुणी म्हातारा 'करा... करा...' अशी विनवणी करत होता. मी त्याला बघायला मान वळवली. तिथे अंड्यांचे ट्रे होते.

"पाहिलं?" निंबा म्हणाला. "सगळे मान वळवतात. मान वळली म्हणजे मिक्स जमलं."

दुसऱ्या दिवशी ही दवंडी रिक्षावर वाजली. रिक्षाला भोंगा एकच. डावं, उजवं, भिंत, म्हातारा, सगळं त्या एका भोंग्यात कोंबलं गेलं आणि लोकांना ऐकू आलं ते इतकंच की कुठे तरी, कसलं तरी, काही तरी करा. शिबिराला चौदा माणसं आली. त्यातली सहा आमच्या घरची होती.

निंबाची सगळी कहाणी तेव्हाच माझ्यासमोर येऊन गेली होती. मला ती कळली नाही, कारण मान अवघडली होती.

तो मूळचा धुळ्याजवळचा, पांझरेकाठच्या एका गावचा. सतराव्या वर्षी लग्नातल्या बँडच्या गाडीवर लागला. गाडी म्हणजे चाकांवरचा देव्हाराच. त्यात बेंजो वाजवणारा, गाणारा, आणि एका कोपऱ्यात आवाज सांभाळणारा निंबा. त्याच्या उजव्या खांद्याला खेटून पुरुषभर उंचीचे स्पीकर. अठरा वर्षं तो त्या जागी उभा राहिला आणि खानदेशातल्या निम्म्या जोडप्यांना बोहल्यावर चढवून आला. मग दिपमाला वहिनींशी त्याचं स्वतःचं लग्न झालं, जळगावात त्याने ही खोली घेतली आणि अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग करू लागला. हळदीची गाणी, वरातीची गाणी, मेहुणीला चिडवायची गाणी. कुणीही यावं, गावं, आणि निंबाने ते गाणं त्रिकोणात बसवून द्यावं.

त्याचं तत्त्व साधं होतं. तो मला ते दर भेटीत समजावून सांगायचा, आणि मी दर भेटीत नव्याने समजल्यासारखं करायचो.

"सर, गाणाऱ्याचा आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी एकाच जागेवर ठेवला तर दोघं एकमेकांच्या अंगावर बसतात. एष्टीत दोन जणांच्या सीटवर चौघे बसल्यासारखं. म्हणून आवाज जरा डावीकडे सरकवायचा, आणि त्याचा डिले, म्हणजे उशिरा परत येणारा आवाज, त्याचा घुमारा, सगळा उजवीकडे. मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत ऐकणारा उभा राहतो."

आणि ऐकणारा कुठे उभा होता? तो मोटारसायकलवर होता. मोबाइल वरच्या खिशात, मोबाइलला आवाजाचं भोक एक, तेही रुमालाखाली. निंबाने आठ-आठ दिवस घालवून डावीकडून उजवीकडे नेलेला आवाज शेवटी त्या एका भोकातून घुसमटत बाहेर पडायचा. कधी नवराबायको एका इअरफोनच्या दोन गोळ्या वाटून घ्यायची. डावी गोळी बायकोच्या कानात, उजवी नवऱ्याच्या. बायकोला गाणं ऐकू यायचं, नवऱ्याला नुसता घुमारा. बायको म्हणायची किती छान, नवरा म्हणायचा काय कटकट आहे. खानदेशातल्या बऱ्याच संसारांत पहिली ठिणगी निंबाने टाकली असावी असा मला संशय आहे.

"तुम्ही मोबाइलवर एकदा ऐकून तर बघा," मी त्याला म्हणायचो.

"शिरा बशीत वाढतात, सर. गाळणीतून नाही." मोबाइलवर स्वतःचं गाणं ऐकणं त्याने आयुष्यात कधी केलं नाही. तेवढं एकदा जरी केलं असतं तरी पुढचं बरंच टळलं असतं.

या सगळ्याच्या मागे एक बंधारा होता. निंबाच्या गावाला पांझरेवर जुना दगडी बंधारा आहे. श्रावणात खानदेशात कानबाई ही देवी बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात, आणि बायका काठावर उभ्या राहून तिला निरोप देणारी गाणी म्हणतात. त्या गाण्यांची म्होरकी निंबाची फुई, म्हणजे वडिलांची बहीण, ताईबाई. लहानपणी निंबा तिच्या पदराला धरून उभा असायचा. फुई एक ओळ म्हणायची. ती ओळ बंधाऱ्याच्या भिंतीवर जाऊन उजवीकडून परत यायची. आणि फुई परत येणाऱ्या ओळीसाठी थांबायची. ती आली की मगच पुढची म्हणायची.

"दुसऱ्या बायका थांबत नव्हत्या. त्यांची सगळी कालवाकालव व्हायची," निंबा सांगायचा. "फुई थांबायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं." मोठेपणी त्याने काठावरून बंधाऱ्यापर्यंत टेप धरून अंतर मापलं होतं आणि हिशेब केला होता. फुईचा आवाज परत यायला तीनशे चाळीस मिलीसेकंद लागत होते. एका सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. हा आकडा तो लोक कुलदैवताचं नाव सांगतात तसा सांगायचा.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. फुईची कानबाईची नऊ गाणी अशी रेकॉर्ड करायची की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, आपण पांझरेच्या काठावर उभे आहोत आणि उजवीकडे बंधारा आहे. ही गाणी पूर्ण येणारी गावात तीच एक उरली होती.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात फुई जळगावला आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. हेडफोन बघून तिने हात झटकला.

"हाई टोपी मना डोकामा नको घालू, पोऱ्या."

कशीबशी घातली, पदरावरून. निंबाने रेकॉर्डिंगच्या कोपऱ्याला लावलेल्या काचेआडून खूण केली. फुई खोलीभर बघत राहिली.

"म्हण ना, फुई."

"बठ्ठ्या बाया कोठे शेत?"

"बाया नाहीत. तू एकटी म्हणायचं."

"एकटी कसी म्हणू? गाना काय भिंतले सांगाना शेत?"

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दिपमाला वहिनी सुपात गहू घेऊन तिच्यासमोर जाऊन बसल्या आणि निवडायला लागल्या. कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, म्हणजे रोटांचा, गहू निवडताना गाणी म्हणतात, ही सवय. फुईचे हात आपोआप सुपात गेले आणि तोंडातून गाणं आलं. निंबाने धावत जाऊन बटण दाबलं. त्या नऊ गाण्यांत मधूनच खडा बाजूला टाकल्याचा बारीक आवाज येतो, तो वहिनींचा. निंबाने तो कधी काढला नाही.

फुईने हेडफोनमधून आपला आवाज उजवीकडून येताना ऐकला, तेव्हा तिने मागे वळून बघितलं. "मना मांगे कोन उभं शे?"

"तूच आहेस, फुई."

ती हसली. आणि मग प्रत्येक ओळीनंतर थांबू लागली. परत येणाऱ्या ओळीसाठी.

त्या दिवाळीत फुईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि गाणं गेलं. चार शब्द जुळवून बोलता यायचं, तेवढंच. आता ती गाणी जगात एकाच ठिकाणी होती: निंबाच्या खोलीत, त्रिकोणाच्या टोकावर.

निंबा कानांना हेडफोन लावून मिक्सिंगला बसला तो अडीच वर्षं बसला. मी अधूनमधून जायचो. माझं डोकं धरायचं, माप घ्यायचं, ऐकवायचं. पहिल्या वर्षी ते गाणं इतकं सुंदर होतं की माझ्यासारख्या माणसानेही तोंड बंद ठेवलं. डावीकडे फुई, उजवीकडे लांबवर दगडाची भिंत. दुसऱ्या वर्षी ती भिंत जवळ आली. मग आणखी जवळ. गेल्या वर्षीच्या होळीला ऐकलं तर मला वाटलं, मी बंधाऱ्याला कान लावून बसलो आहे आणि फुई कुठे तरी पल्याडच्या गावाला गेली आहे.

"उजवीकडे जरा गर्दी होतेय का?" मी विचारलं.

"जाणवली ना?" निंबा खूश झाला. "आता कुठे भरतंय. इतके दिवस उजवी बाजू रिकामी वाटत होती."

मी "हो हो" म्हटलं. मास्तर माणूस, मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने लिहायला धीर लागत नाही. मित्राच्या वहीत लागतो. तो माझ्याकडे नव्हता.

बाकीच्यांकडे होता. चाळीसगावचा किरण नावाचा एक माणूस अहिराणी गाण्यांचं चॅनेल चालवायचा. निंबाकडची बहुतेक कामं त्याच्याकडून यायची. त्याने फोन केला. "निंबाभाऊ, लोक म्हणतात नवरी विहिरीत पडून गातेय."

"लोकांचे कान मोबाइलचे झालेत."

"कान कशाचेही असू द्या, व्हिडिओ बघायचे थांबलेत."

दोन महिन्यांनी किरणचं काम बंद झालं. मग इतरांचं. निंबा म्हणायचा, एकदा फुईची गाणी येऊ द्या, मग बघा. फोन तो नेहमी डाव्या कानाला लावायचा, हे मी पाच वर्षं बघत होतो. ज्या माणसाच्या उजव्या हातात कायम उंदीर, म्हणजे कॉम्प्युटरचा माउस, तो फोन डाव्याच हातात धरणार, असं मला वाटायचं.

गेल्या श्रावणात त्याने ठरवलं, गाणी पहिल्यांदा गावात वाजणार. कानबाईच्या दिवशी, फुईसमोर. आणि तीही दोन भोंग्यांवर, डावा वेगळा, उजवा वेगळा, म्हणजे निदान एका गावाला तरी दोन कानांनी ऐकता येईल. गावातला मंडप आणि भोंगेवाला भटू. त्याला निंबाने फोनवर दहा वेळा सांगितलं, "एक भोंगा डाव्या वायरवर, एक उजव्या." भटू दहा वेळा म्हणाला, "हा भाऊ."

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. निंबा, वहिनी आणि मी. गावात भाऊबंद गोळा झालेले, घराघरांतून रोटांचा वास, कानबाई सजून चौरंगावर बसलेली. भटूने मोबाइल जोडला, एक भोंगा कानबाईच्या मांडवावर चढवला आणि दुसरा गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीकडच्या पिंपळावर. मध्ये सगळं गाव.

"अरे भटू, दोन्ही समोरासमोर लावायचे होते!"

"भाऊ, बठ्ठा गावले ऐकू येवाले पाहिजे ना! मी पंधरा वरीस पाईन असाच लावस." डावी वायर मांडवावर, उजवी पिंपळावर. पंधरा वर्षं कुणाला फरक कळला नव्हता, कारण पंधरा वर्षांतल्या कुठल्याच गाण्याची डावी-उजवी बाजू इतकी वेगळी नव्हती. तसं गाणं करणारा माणूस खानदेशात एकच होता, आणि तो आत्ता मांडवाच्या खांबाखाली उभा राहून भटूला शिव्या घालत होता.

फुईचं घर नदीकडच्या टोकाला. तिला उचलून अंगणातल्या खाटेवर बसवली होती. निंबा तिच्याकडे धावला, मी मागे. भटूने गाणं सुरू केलं.

पिंपळावरच्या भोंग्यातून जे बाहेर आलं ते गाणं नव्हतं. दगडांच्या गाडीची मागची फळी उघडावी तसा आवाज होता. घुमारा, घुमाऱ्याचा घुमारा, आणि त्याखाली कुठे तरी चेंगरलेली बाई. एकही शब्द लागेना. कुत्री उठून निघून गेली. अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. फुईने बराच वेळ ऐकलं. मग वाकडं झालेलं तोंड जुळवत, एकेक शब्द ठेवत तिने विचारलं,

"निंबा... मी... कोठे शे?"

निंबा भोंग्याकडे डावी बाजू करून उभा होता. त्याचा चेहरा मी बघत होतो. मग तो चालायला लागला. गावातून सरळ मांडवापर्यंत गेला. तिथे फुईचा आवाज स्वच्छ वाजत होता, गव्हातल्या खड्यासकट. तो परत पिंपळाखाली आला. पुन्हा डावा कान वर केला. पुन्हा मांडवाकडे गेला. तीनदा त्याने ही फेरी केली. गाव बघत होतं आणि गावाला वाटत होतं, जळगावचा माणूस आहे, तपासतोय.

तिसऱ्यांदा आला तेव्हा तो मला म्हणाला, "सर, मी ही बाजू डाव्या कानाने कधी ऐकलीच नव्हती."

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला त्याच्या तत्त्वासारखं दहा वेळा समजून घ्यावं लागलं नाही. त्याचा उजवा कान गेला होता. एकदम नाही, बँडच्या गाडीवरच्या अठरा वर्षांनी तो हप्त्याहप्त्याने नेला होता. कान जितका मिटत गेला तितकी निंबा उजवी बाजू वाढवत गेला. रिकामी वाटायची म्हणून. अडीच वर्षं तो फुईचा प्रतिध्वनी फुईच्या अंगावर रचत होता, आणि त्याला वाटत होतं आता कुठे भरतंय. उजव्या कानाला ऐकू येण्याइतकं ते कधीच भरणार नव्हतं.

वहिनी शेजारीच होत्या, त्याच्या डाव्या हाताला. हळूच म्हणाल्या, "मला माहीत होतं. दोन वर्षं झाली, मी याच बाजूने बोलते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. त्या बाजूने."

तेवढ्यात भटू आला. "निंबा भाऊ, लोके बोंबली ऱ्हायनात. हाई वायर काढी टाकू का?"

निंबाने मान हलवली. भटूने उजवी वायर उपटली आणि दोन्ही भोंगे डाव्या वायरवर जोडले. फुईचा आवाज गावाच्या दोन्ही टोकांना एकदम उभा राहिला. कोरडा, सरळ, खणखणीत. घुमारा नाही, भिंत नाही, बंधारा नाही. अंगणातल्या बायकांना एका ओळीत शब्द लागले आणि दुसऱ्या ओळीला त्या सोबत म्हणायला लागल्या.

"आते दखा कसं मोकळं व्हयनं!" भटू म्हणाला.

फुईने डावा हात मांडीवर ठेवला आणि ठेका धरला. फक्त प्रत्येक ओळीनंतर, गाण्यातली फुई थांबायची आणि खाटेवरची फुईही थांबायची. परत येणाऱ्या ओळीसाठी. ती काही यायची नाही. तेवढी जागा रिकामी जायची आणि पुढची ओळ सुरू व्हायची. बायकांना वाटलं, म्हातारीला दम लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई नदीवर निघाली. भटूने पिंपळावरचा भोंगा काढून काठावर आणला, फुईचं गाणं लावलं. निंबा लहानपणी उभा राहायचा त्याच जागेवर उभा राहिला. उजवीकडे बंधारा. पहिली ओळ झाली, थांबा आला, आणि त्याने माझी बाही धरली.

"सर, परत येतोय का?"

भटूचा जनरेटर आमच्या पाठीशी धडधडत होता. मला जनरेटरशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"येतोय," मी म्हणालो.

"किती वेळाने?"

"तुम्ही म्हणता तेवढ्याच."

"तीनशे चाळीस," तो म्हणाला, आणि बंधाऱ्याकडे बघत उभा राहिला.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं की शीर सुकली आहे, औषध नाही. मशीनने आवाज मोठा होईल, पण आवाज कुठून येतो ते कळणार नाही. निंबाने फुईची मूळ रेकॉर्डिंग पुन्हा उघडली. एक महिना तो उजव्या कानात बोळा घालून दोन्ही बाजू पाळीपाळीने डाव्या कानाने ऐकत बसला. पण दोन बाजूंमधली ती मोकळी जागा एका कानाला दिसत नाही. मग त्याने मला खुर्चीत बसवलं. माप घेतलं. बटण किंचित वळवून विचारायचा, "आता?" मी म्हणायचो, छान. पुन्हा वळवायचा. "आता?" मी म्हणायचो, हेही छान. माझे कान त्रेपन्न वर्षांचे आणि शाळेच्या घंटेने घडवलेले.

"सर, खरं सांगा. मान वळवावीशी वाटली?"

नव्हती वाटली. मी तरी वळवली. त्याने बघितलं, आणि कॉम्प्युटर बंद केला.

फुई पौषात गेली. तिची नऊ गाणी भटूने आपल्या मोबाइलवरून नेटवर टाकली आहेत, फक्त डावी बाजू. लोकांना आवडतात. निंबा एका पाइपच्या कारखान्यात फाटकावर गाड्यांचे नंबर लिहितो. खोली सोडताना त्याने स्पीकर विकायला काढले. जोडी घेणारं कुणी मिळालं नाही. डावा पारोळ्याला गेला, उजवा चाळीसगावला.